काकांच्या कपाटात जुनी फ्रेंच वाइन निघाली, लिलावात जाईल का?

साखरपेठकर

नमस्कार मंडळी. माझे थोरले काका मर्चंट नेव्हीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता काकू कायमच्या मुलीकडे पुण्याला निघाल्यात, म्हणून साखर पेठेतलं जुनं घर आवरायला घेतलंय. वरच्या पत्र्याच्या खोलीत काकांचं सागवानी कपाट आहे. त्याच्या तळाच्या खणात सोलापुरी चादरीत गुंडाळलेली वाइनची बाटली निघाली. लेबलवर सन १९७९. रॉथशिल्ड हे नाव स्वच्छ वाचता येतं. बूच आहे, बुचावरचं टोपणही आहे.

त्याच संध्याकाळी चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला की अमेरिकेत एका फ्रेंच बाटलीला चार कोटी आले. झालं! तेव्हापासून घरात शांतता नाही. चुलतबहीण म्हणते, बाटली बाबांची म्हणजे आमची. धाकटे काका म्हणतात, तेव्हा घर एकत्र होतं, वाटणी तिघांत. काकूंचं म्हणणं एवढंच की ते जे काय आहे ते देवघराच्या खोलीत आणू नका. सध्या बाटली आमच्या हिच्या शिलाई मशीनच्या खणात आहे.

फॉरवर्ड खरा आहे का? आणि असली बाटली सोलापुरातून लिलावाला पाठवायची तर कुणाकडे जायचं? जाणकारांनी सांगावं. फोटो चढत नाहीये.

होटगी_रोड_एक्स्प्रेस

उघडा, ग्लासात ओता, तिघांत सारखी वाटणी करा. वकिलाची फी वाचली. चव बिघडली असेल तर कढीपत्त्याच्या कुंडीत.

स्टोअरकीपर_अण्णा

थांबा हो, एवढ्यात उघडू नका.

फॉरवर्डमधला आकडा खरा आहे, बाटली मात्र वेगळी. मी दुबईत एका हॉटेलच्या वाइन स्टोअरला होतो. वर सूट घालून पाहुण्यांना वाइन सुचवणारा फ्रेंच साहेब, आणि खाली थंडीत स्वेटर घालून बाटल्यांचा हिशेब ठेवणारा सोलापूरचा मी. त्यामुळे चवीचं मला विचारू नका, बाटलीचं विचारा.

ती चार कोटींची बाटली म्हणजे १९४५ सालची रोमाने-कोंती. २०१८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. लिलावघराचा स्वतःचा अंदाज होता ३२,००० डॉलर! मागोमाग तसलीच दुसरी निघाली, ती ४,९६,००० ला. पाऊण लिटरला चार कोटी धरले तर औषधाच्या एका चमच्याला पावणेतीन लाख पडतात. हा हिशेब मेव्हण्याला सांगितला तर त्याला हातातला चहा गोड लागेना. त्याची कासेगावला द्राक्षबाग आहे.

त्यालाही पटलं ते कारण सांगतो. रोमाने-कोंती हे फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या जमिनीच्या एका तुकड्याचं नाव. क्षेत्र १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. बास, एवढंच. एकोणिसाव्या शतकात युरोपभर फिलॉक्सेरा नावाची मुळांवरची कीड पसरली आणि बागाच्या बागा वाळल्या. शेवटी सगळ्यांनी अमेरिकन खुंटावर कलमं करून बागा वाचवल्या. आपल्याकडे डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतात ते क्षाराच्या जमिनीसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी, तिकडे ते किडीसाठी. या साडेचार एकरांतली वेल मात्र त्यांनी जमिनीत औषधं सोडून सोडून स्वतःच्या मुळावर टिकवून धरली होती. महायुद्धात औषध मिळेना, माणूस मिळेना. १९४५ ला माल निघाला जेमतेम ६०० बाटल्यांचा, आणि त्यानंतर बाग उपटून काढली. नव्या लागणीची पहिली वाइन १९५२ ची. मधल्या सहा वर्षांत त्या नावाची बाटलीच नाही. त्यात विकायला आलेल्या या दोन बाटल्या रॉबेर द्रुएँ यांच्या खासगी तळघरातल्या. द्रुएँ म्हणजे बर्गंडीतलंच जुनं व्यापारी घराणं, एके काळी या बागेची वाइन विकायचं काम त्यांच्याकडेच होतं.

या शेवटच्या वाक्यात निम्मा पैसा आहे बघा.

बेदाण्याच्या सौद्याला कधी गेलात का? तासगावला जा, पंढरपूरला जा. प्रत्येक लॉटचा नमुना समोर मांडलेला असतो. खरेदीदार मूठ भरून घेतो, रंग बघतो, दाणा दाबतो, चार तोंडात टाकतो, उरलेले टाकून पुढं जातो. त्या उधळणीवरून शेतकरी आणि व्यापारी दरवर्षी भांडतात. पण माल बघून, चाखून भाव होतो. वाइनच्या लिलावात चार कोटी देणाऱ्यानं थेंबसुद्धा चाखलेला नसतो. चाखायला बूच काढलं की माल संपला. मग तो पैसे कशाचे देतो? बाटली आजपर्यंत कुठं कुठं राहिली, त्याच्या कागदाचे. बागेतून निघाली कधी, कुणी घेतली, कुठल्या तळघरात होती, तिथं किती थंडी होती. तो कागद पक्का असेल तर अंदाजाच्या सतरापट भाव मिळतो. कागद नसेल तर आतलं अमृत असलं तरी कुणी हात लावत नाही.

(चाखून बोली लावायचा सौदा तिकडंही आहे बरं का. बर्गंडीतच बोन गावात जुन्या धर्मादाय रुग्णालयासाठी १८५९ पासून नोव्हेंबरात लिलाव होतो. पण तिथं २२८ लिटरचं पिंप विकतात, तेही त्याच हंगामाची ताजी वाइन. पूर्वी मेणबत्ती विझेपर्यंत बोली चालायची.)

आणि कागदाला एवढं महत्त्व यायला कारणंही तशीच घडली. १९८५ ला लंडनमध्ये क्रिस्टीज या लिलावघराने १७८७ सालची लाफीत नावाची फ्रेंच वाइन विकली, १,०५,००० पौंडाला. बाटलीवर कोरलेली आद्याक्षरं, म्हणे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची. घेतली फोर्ब्स घराण्यानं. मांडून ठेवली दिव्याखाली, उभी. उष्णतेनं बूच सुकलं आणि आत पडलं! त्याच साठ्यातल्या म्हणून सांगितलेल्या चार बाटल्या बिल कोक या अब्जाधीशानं घेतल्या. पुढं त्यानं तपास लावला, तेव्हा तज्ज्ञांनी सांगितलं की ही अक्षरं विजेच्या हत्यारानं कोरल्यासारखी दिसतात. विजेचं हत्यार अठराव्या शतकात? तो दावा वर्षानुवर्षं चालला.

त्याहून मोठा उस्ताद रुडी कुर्नियावान. मूळचा इंडोनेशियाचा, राहायला कॅलिफोर्नियात. न्यूयॉर्कच्या लिलावांत त्याच्या नावावर कोट्यवधी डॉलरच्या बाटल्या विकल्या गेल्या. २००८ च्या एप्रिलमध्ये त्याने पाँसो या बर्गंडीतल्या घराण्याच्या क्लो सँ-दनी नावाच्या जुन्या बाटल्या लिलावात ठेवल्या, त्यात १९४५ ची पण. घराण्याचे मालक लोराँ पाँसो स्वतः विमानानं येऊन सभागृहात बसले, कारण त्यांच्या घरात ती वाइन १९८० नंतरच बनायला लागली होती. लॉट मागे घ्यावे लागले. २०१२ ला रुडीला अटक झाली. घरात लेबलं, बुचं, शिक्के, आणि स्वयंपाकघरात वाइन मिसळायचा उद्योग. दहा वर्षांची शिक्षा झाली, २०२१ ला इंडोनेशियाला परत पाठवला. मला विचाराल तर त्याच्या गिऱ्हाइकांची दया येत नाही. कित्येकांनी ती वाइन पिऊन वाहवा केली होती.

असो. तुमच्या बाटलीचं सांगायचं तर नुसतं रॉथशिल्ड असून भागत नाही. तीन गोष्टी कळवा. लेबलवरची प्रत्येक ओळ जशीच्या तशी. बाटलीच्या मागं मोबाइलचा टॉर्च धरून वाइन कुठपर्यंत आहे ते: गळ्यात, खांद्याला, की खांद्याच्या खाली. आणि टोपणाच्या कडेला चिकट डाग आहे का. बाटली हलवू नका, उभी होती की आडवी तेही सांगा.

साखरपेठकर

अण्णा, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. पोरीला टॉर्च धरायला बसवून बघितलं.

लेबलवर मोठ्या अक्षरात एम-ओ-यू-टी-ओ-एन आणि पुढं सी-ए-डी-ई-टी. खाली बोर्दो. त्याखाली बॅरन फिलिप द रॉथशिल्ड. वाइन खांद्याच्या अर्ध्याच्याही खाली आहे. टोपणाच्या कडेला काळपट चिकट थर, नखानं खरवडला तर निघतो. रंग लाल म्हणवत नाही, चिंचेच्या कोळासारखा. तळाला साका आहे. कपाटात उभीच होती.

खोली पत्र्याची आहे हे पहिल्यांदा लिहिलंच आहे. मे महिन्यात तिथं आम्ही पापडसुद्धा वाळवायला जात नाही.

स्टोअरकीपर_अण्णा

मग ऐका आता, आणि चुलतभावालाही ऐकवा.

लिलावात जाते ती शातो मुताँ रॉथशिल्ड. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पोइयाक गावची एकच बाग, आणि त्याच बागेत भरलेली बाटली. १९४५ पासून जवळजवळ दरवर्षी लेबलवर वेगळ्या चित्रकाराचं चित्र असतं. १९७३ ला पिकासोचं होतं. त्याच वर्षी ही बाग दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेली. बोर्दोतल्या बागांची ही वर्गवारी मुळात १८५५ ची, ती कुणासाठी सहसा बदलत नाही.

तुमच्याकडे आहे ती मुताँ कादे. त्याच बॅरनच्या कंपनीची, पण सुरुवातच मुळी १९३० च्या हलक्या हंगामाचा माल खपवण्यासाठी झालेली. द्राक्षं अख्ख्या बोर्दोभरातून गोळा केलेली. जगभर लाखांनी खपते, बंदरावरच्या ड्यूटी फ्री दुकानात हमखास. काकांनी तिथूनच आणली असणार. चांगली वाइन होती, घेतल्यापासून तीन-चार वर्षांत प्यायची होती. नवी असती तरी मोठ्या लिलावघरानं ती एकटी बाटली घेतली नसती.

समजा, ती खरी शातो मुताँ असती, तरी या पत्र्याखाली ती गेलीच असती. होतं काय, तर दिवसा खोली तापली की आतली वाइन फुगते आणि बुचाला ढकलते, थोडी झिरपून बाहेर येते. तोच तुमचा काळा थर. रात्री गार झाली की आकसते आणि बुचाच्या कडेनं हवा आत ओढून घेते. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीसचा, त्यात पत्रा, आणि हे चाळीसेक उन्हाळे. बाटली उभी असल्यानं बूच आतून सुकलं ते वेगळंच. लिलावघराच्या यादीत प्रत्येक जुन्या बाटलीपुढं वाइन कुठपर्यंत आहे ते छापलेलं असतं. खांद्याच्या निम्म्याखाली म्हटलं की शहाणा माणूस पान उलटतो.

आमच्या स्टोअरला तेरा डिग्री म्हणजे तेरा डिग्री. भिंतीवर तपमानाचा तक्ता, दर पाळीला सही. एका उन्हाळ्यात रात्री कॉम्प्रेसर बसला आणि सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. साहेब आला, वरच्या रॅकवरच्या बाटल्यांच्या टोपणावरून एकेक बोट फिरवत गेला. टोपण सपाट लागलं तर ठीक, बोटाला बूच वर आलेलं लागलं की बाटली बाजूला. बाजूच्या सगळ्या किचनला गेल्या, सॉसमध्ये घालायला. त्यातल्या काहींची किंमत माझ्या पगारापेक्षा जास्त होती. एका रात्रीत ही गत.

याच्या उलट बाल्टिक समुद्रात २०१० ला ओलांड बेटांजवळ बुडालेल्या जहाजात शँपेन सापडली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, पन्नासेक मीटर खोल, गार आणि काळोखात पडलेली. २०११ ला त्यातली व्हव क्लिको या कंपनीची एक बाटली ३०,००० युरोला गेली. समुद्राचा तळ परवडला, आपला पत्रा नाही.

बार असोसिएशनचा_सदस्य

वाटणीवर बोलत नाही, किंमतच नाही तर दावा कशाचा. पण कुणी पुढं ही बाटली जुन्या वस्तूंच्या साइटवर किंवा ग्रुपवर विकायला टाकेल, म्हणून सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि अजून लागू आहे. परवान्याशिवाय दारू विकता येत नाही, वाइनसुद्धा, एक बाटलीसुद्धा. प्यायलाही परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, दुकानातच मिळतो, किरकोळ पैशांत. लोक घेत नाहीत ही गोष्ट निराळी.

माळशिरसकर

अण्णा, एक शंका. आमच्या अकलूजला फ्रातेल्लीची वाइन होते. त्यांची सेत्ते नावाची वाइन मी एक पेटी घेऊन ठेवली तर वीस वर्षांनी लिलावात जाईल का? पोरगा म्हणतोय एफडीपेक्षा बरं.

स्टोअरकीपर_अण्णा

पोराला म्हणावं एफडीच कर.

सेत्तेला मी नावं ठेवत नाही. इटलीचे सेच्ची बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील एकत्र आले, दिल्लीचे सेखरी आले. तिकडची सांजोव्हेसे जातीची द्राक्षं आपल्या माळरानावर लावली, पिएरो मासीसारखा वाइनमेकर आणला. सांजोव्हेसे आणि कॅबरनेची ती वाइन मी प्यालोय, चार-सहा वर्षं ठेवून तर आणखी बरी लागली. पण लिलावात भाव यायला आधीचे भाव लागतात. एकाच नावाची वाइन पन्नास वर्षं विकत घेतली गेली, जपली गेली, पुन्हा विकली गेली, तेव्हा कुठं लोक डोळे झाकून बोली लावतात. आणि वकीलसाहेबांनी वर सांगितलंच की इथं घरच्या माणसाला बाटली विकताच येत नाही. मग दुसऱ्या हाताचा बाजार उभा राहणार कसा?

हाँगकाँगचं बघा. २००८ च्या फेब्रुवारीत त्यांनी वाइनवरचा कर शून्य केला. २०१० च्या ऑक्टोबरात तिथल्या सदबीजच्या लिलावात १८६९ च्या लाफीतच्या तीन बाटल्या गेल्या, एकेक १८ लाख हाँगकाँग डॉलरला. सगळं जग तिकडं बाटल्या पाठवायला लागलं. आपल्याकडं वर्षानुवर्षं नुसतं आयात शुल्कच १५० टक्के, वर राज्याचे कर वेगळे. आणि लिलावघर विकणाऱ्याकडूनही कमिशन घेतं, घेणाऱ्याकडूनही वर वीस-पंचवीस टक्के. अडत दोन्ही बाजूंनी! आपल्या मार्केट यार्डात असं केलं तर गाळा फोडतील.

सेत्ते घ्या, पेटीभर घ्या, पण एसीच्या खोलीत आडवी ठेवा आणि पोराच्या लग्नाला प्या.

होटगी_रोड_एक्स्प्रेस

म्हणजे शेवटी माझाच सल्ला बरोबर ठरला. कढीपत्त्याला निरोप देऊ का?

साखरपेठकर

फॅमिली ग्रुपवर अण्णांची दोन्ही उत्तरं टाकली. धाकट्या काकांनी नुसता अंगठा टाकला. चुलतबहीण म्हणाली, मग मला रिकामी बाटली हवी, बाबांची आठवण म्हणून. हे सगळ्यांना मान्य झालं. काकूंना पुण्याला पोचवायच्या आदल्या रात्री सगळे एकत्र जेवणार आहोत, तेव्हा उघडायचं ठरलंय. परवाना काढतो, वकीलसाहेब.

अण्णा, एवढं जुनं बूच काढायचं कसं? साध्या ओपनरनं चुरा होईल ना?

स्टोअरकीपर_अण्णा

होणारच. स्क्रू घातला की मधून फुटेल. दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर बघा. एक लांब पातं, एक आखूड. बूच आणि काचेच्या मधे दोन्ही बाजूंनी हळूहळू डोलवत सरकवायची, मग पिळत पिळत वर घ्यायचं. सोलापुरात मिळेल असं वाटत नाही, पुण्याहून कुणी येणार असेल तर मागवा. नाहीच मिळाला तर फुटू दे. चहाच्या गाळणीवर स्वच्छ मलमल टाकून गाळून घ्या.

दोन दिवस आधीपासून बाटली उभीच ठेवा, साका तळाला बसू दे. आधी टोपण पूर्ण काढा, काळा थर ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर बूच निघताना तोच आत जाईल. ओतताना बाटली एकदा तिरकी केली की पुन्हा सरळ करायची नाही, एका दमात जगमध्ये. मागं टॉर्च धरा. गळ्याशी काळी रेघ यायला लागली की थांबा, उरलेलं टाकून द्या.

आधी वास घ्या. व्हिनेगरचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर पिऊ नका. विष नाही, पण तोंड जाईल. भाजलेल्या बदामासारखा, मनुक्यासारखा आला तर घोटभर घ्यायला हरकत नाही. आणि पेले काचेचे घ्या, स्टीलचे नकोत. रंग तरी बघायला मिळेल.